सैनिकाचा हुद्दा आणि सैनिकाचा अर्ज



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला बोलावले तेव्हा आम्ही बोनस, महागाईभत्ता किंवा कंत्राटी कामगार यांवर बोलू, अशी त्यांची अपेक्षा असावी. आम्ही मात्र सैनिकाच्या हुद्द्याचा विषय निवडला आहे. पलटणीशी आमचा संबंध नाही. शिक्षणही सातवीपर्यंतचे, आणि पुढचे सारे युनियनच्या कचेरीत, इतरांचे अर्ज लिहिता लिहिता झालेले. पण गेल्या तीस वर्षांत जे अर्ज आम्ही लिहिले त्यांत निवृत्त सैनिकांचे अर्ज थोडे नव्हते. कारखान्याच्या फाटकावर, बँकेच्या दारात, गोदामावर रखवालीला उभा असलेला माणूस पुष्कळ वेळा माजी सैनिकच असतो. तो रखवालदार म्हणून युनियनकडे येतो आणि थोडी ओळख झाली की पिशवीतून लष्करातले जुने कागद काढतो.

हे नगर आहे. सरकारी कागदावर 2024 पासून जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले, तरी आमच्या जिभेला नगरच येते. इथला भुईकोट किल्ला 1803 साली वेलस्लीने घेतला, आणि या गावाच्या अंगणात आजही फौज आहे. भिंगारच्या बाजूला रणगाड्यांचे शिक्षण चालते. पारनेर, श्रीगोंदा, संगमनेर या तालुक्यांत पलटणीत माणूस न गेलेली भावकी शोधावी लागेल. तेव्हा सैनिकाचा प्रश्न हा आपल्या घरचा प्रश्न आहे.

प्रथम हुद्दा म्हणजे काय ते पाहू. दंडावरच्या दोन फिती म्हणजे नाईक, तीन म्हणजे हवालदार. बाहेरच्या माणसाला ती कापडाची पट्टी दिसते. पण त्या पट्टीमागे आठ-दहा माणसांची जबाबदारी असते. पहाऱ्यावर कोणाला उभे करायचे, कोणाचे दुखणे खरे, कोणाचे खोटे, गोळीबार सुरू झाल्यावर पुढे कोणी जायचे, हे सगळे त्या पट्टीच्या धन्याला ठरवावे लागते. संगमनेर तालुक्यातल्या निमज गावचे नामदेव जाधव यांनी 9 एप्रिल 1945 रोजी इटलीत सेनिओ नदीकाठी जखमी साथीदारांना गोळ्यांच्या वर्षावातून उचलून आणले, आणि त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्या दिवशी ते साधे शिपाई होते. पुढे ते हवालदार झाले. यातून एक भेद ध्यानात येतो. एका दिवसाच्या शौर्याला पदक असते. रोज उठून वाहिलेल्या जबाबदारीला फक्त फीत असते. म्हणून फीत गेली की त्या रोजच्या कामाची नोंदच पुसली जाते.

कामगाराला हे चटकन समजते. वीस वर्षे यंत्रावर काढलेल्या फिटरला एके दिवशी मदतनीस म्हणून हजेरीवर चढवले, तर त्याचा पगार किती कमी झाला हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न असा की, त्या वीस वर्षांचे झाले काय?

आता राखीव सैनिकाकडे येतो. त्या काळी शिपाई काही वर्षे प्रत्यक्ष पलटणीत आणि पुढची काही वर्षे राखीव यादीत असे. सात आणि आठ मिळून पंधरा, असा पायदळातल्या पुष्कळांचा हिशेब. राखीव दलाचा कायदा 1888 सालचा. घरी जा, शेती करा, पण बोलावणे आले की हजर व्हा, असा तो करार. या पंधरा वर्षांवर जे पेन्शन मिळे ते पुढे शिपायाच्या सर्वांत कमी पेन्शनच्या दोन-तृतीयांश असे ठरले. नीट लक्षात घ्या. मोजमाप शिपायाचे, तेही सर्वांत कमी पेन्शनाचे. पलटणीत असताना तुम्ही दोन फिती लावून माणसे सांभाळली असतील, तर त्या फितींना या हिशेबात जागा नाही.

असे एक गृहस्थ आमच्याकडे येत. नाव सांगत नाही, गावही नाही. पलटणीत ते नाईक होते. राखीव यादीत गेले तेव्हा त्यांच्या नावापुढे शिपाई लागले. 1971 च्या लढाईत बोलावणे आले, तेव्हा ते शिपाई म्हणून हजर झाले आणि काल ज्यांना हुकूम देत होते त्यांच्या बरोबरीने रांगेत उभे राहिले. लढाई संपली, परत आले. त्यांनी स्वतः लिहिलेला अर्ज ‘मायबाप सरकार’ येथून सुरू होऊन ‘गरिबावर दया करावी’ येथे संपत होता. आम्ही म्हटले, “दादा, यात दया कोठून आली? तुम्ही नाईक होता की नव्हता?” ते म्हणाले, “होतो.” “मग तेवढेच लिहू.”

अर्ज एका पानाचा झाला. कोणत्या तारखेपासून नाईक, कोणत्या हुकमाने, कोणत्या तारखेला फीत उतरली आणि कोणत्या नियमाने, एवढेच विचारले. उत्तर आले, हुद्दा कार्यकारी होता, पक्का नव्हता. आम्ही पुन्हा लिहिले: कार्यकारी म्हणून का होईना, काम केले याची नोंद आहे काय? असे चार वर्षे चालले. अखेर त्यांच्या पुस्तकात अमुक ते अमुक काळ नाईक म्हणून काम केल्याची नोंद झाली. पैसे वाढले नाहीत. आम्हांला वाटले, म्हातारा खूश होईल. त्यांनी कागद दोनदा वाचून घेतला आणि विचारले, “ह्याचे महिन्याला किती?” काही नाही, म्हटल्यावर म्हणाले, “मग आता दुसरा अर्ज लिहा.” आम्ही लिहिला. हक्क मागायला शिकलेला माणूस अर्ध्यावर थांबत नाही, हे त्यांच्याकडून शिकण्यासारखे आहे.

ही एका माणसाची गोष्ट झाली. पण या महाराष्ट्रात एका अख्ख्या समाजाचा हुद्दा काढून घेतला गेला, आणि तो परत मागण्याचे अर्ज पिढ्यान्‌पिढ्या चालले. नगरहून पुण्याला जाताना शिरूर लागते, मग कोरेगाव, आणि भीमेवरचा पूल ओलांडला की पेरणे गावच्या हद्दीत दगडी स्तंभ दिसतो. 1 जानेवारी 1818 ला इथे लढलेली कंपनी सरकारची तुकडी शिरूरच्याच छावणीतून निघाली होती. स्तंभावर पडलेल्या एतद्देशीय शिपायांची 49 नावे आहेत. त्यांत ‘नाक’ हा महार नावांचा प्रत्यय असलेली 22 आहेत. मुंबई फौजेत महार शिपायाचा नाईक होई, हवालदार होई, जमादार आणि सुभेदारही होई. गावात ज्याची सावली नको, त्याच्या हुकमावर पलटणीत कंपनी हालत असे.

1890 नंतरच्या दोन-तीन वर्षांत ही भरती बंद झाली. काही जाती लढाऊ आणि काही बिनलढाऊ, असे शास्त्र इंग्रज सेनापतींनी मांडले आणि कोरेगावच्या स्तंभावरची नावे त्या शास्त्रात बसेनात, म्हणून ती विसरली गेली. जुने पेन्शनर घरी होते. त्यांची फीत कोणी उतरवली नाही, पण त्यांच्या मुलांना ती मिळण्याची वाट मोडली.

पहिला अर्ज लिहिणाऱ्यांत गोपाळबाबा वलंगकर होते. महाडजवळच्या रावढळचे हे गृहस्थ 1886 साली हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि दापोलीस राहिले. 1888 साली त्यांनी ‘विटाळ विध्वंसन’ ही पुस्तिका काढली. 1894 साली त्यांनी भरती पुन्हा सुरू करावी असे विनंतीपत्र तयार केले. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ यांनीही या बंदीविरुद्ध न्यायमूर्ती रानड्यांकडून मसुदा करून घेतल्याचे चरित्रकार धनंजय कीर सांगतात. पण वलंगकरांच्या कागदावर सह्या थोड्या पडल्या. कारण सरळ होते. ज्यांच्या सहीला वजन होते ते पेन्शनर होते, आणि पेन्शन जाईल ही भीती होती. आम्ही त्यांना भित्रे म्हणणार नाही. ज्यांनी लढाया पाहिल्या ते बंदुकीला भ्याले नव्हते. महिन्याच्या चार रुपयांवर घर चालत असले म्हणजे काय होते, हे संप पाहिलेल्या प्रत्येक माणसाला ठाऊक आहे.

दुसरा प्रयत्न पुण्याच्या शिवराम जानबा कांबळे यांचा. ते फ्रीमेसन लॉजमध्ये बटलर होते. शिक्षण स्वतःचे स्वतः केलेले. 1908 साली त्यांनी ‘सोमवंशीय मित्र’ हे मासिक काढले. त्यांनी आधी सभा घेतल्या, गावोगावची माणसे जोडली आणि मग 1904 साली व पुन्हा 1910 साली सरकारकडे अर्ज गेले. 1910 चा अर्ज थेट विलायतेत भारतमंत्र्यांकडे होता. मागणी किती साधी होती पाहा. पोलिसांत आणि फौजेत अगदी खालच्या जागा खुल्या करा, एवढेच. पण त्या साध्या मागणीच्या मागे पूर्वजांच्या चाकरीचा हिशेब मांडला होता. वलंगकरांच्या कागदावर एकेकट्या माणसाला सही मागितली गेली. कांबळ्यांनी सहीच्या आधी सभा घेतली. आमच्या मते अर्जाचा सारा इतिहास या फरकात आहे.

तरी खरे सांगायचे तर दार अर्जाने उघडले नाही, महायुद्धाने उघडले. माणसे कमी पडू लागली, तेव्हा जून 1917 मध्ये 111 वी महार पलटण उभी झाली. युद्ध संपले, खर्च कमी करायचा ठरला आणि 1921 पर्यंत पलटण मोडली. गिरणीत बदली कामगाराचे जे होते तेच. काम आले की आत, काम सरले की बाहेर. दुसरे महायुद्ध आले. जुलै 1941 मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या संरक्षणविषयक सल्लागार समितीवर गेले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात बेळगावला महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली. तिच्या टोपीवर कोरेगावचा स्तंभ होता. 1894 पासून मोजले तर 47 वर्षे. या खेपेला युद्ध संपल्यावर रेजिमेंट मोडली नाही, आजही ती आहे. गरज दोन्ही वेळा होती. दुसऱ्या वेळी दारात उभे राहून विचारणारा, संघटित झालेला समाज आणि त्याचा आवाज आत पोहोचवणारा माणूसही होता. गरजेपोटी मिळालेले गरज सरल्यावर जाते. संघटनेच्या बळावर मिळालेले टिकण्याची आशा तरी असते.

येथे कोणी शंका घेईल की, फौज जुन्या हुद्द्यांवर चालत नाही. परत आलेल्या प्रत्येकाला जुनी फीत दिली तर शिपाई कोण राहणार? शंका रास्त आहे. ज्याला माणसे सांभाळायची नाहीत त्याच्या हाती हुकूम देता येत नाही, हे आम्हांला मान्य आहे. पण हुकुमाचा अधिकार एक आणि केलेल्या कामाची नोंद दुसरी. अधिकार मुदतीने संपतो. नोंद संपू नये, आणि पेन्शनच्या हिशेबात ती धरली जावी, एवढेच म्हणणे आहे.

मग आपण, पलटणीबाहेरच्या लोकांनी, काय करावे? आपल्या ओळखीचा जो माजी सैनिक असेल त्याचे पुस्तक एकदा त्याच्याबरोबर बसून वाचा. हुद्द्याच्या तारखा नीट आहेत का, पत्नीचे नाव बरोबर लिहिले आहे का, ते पाहा. पत्नीच्या नावातली एक चूक विधवेला वर्षभर हेलपाटे घालायला लावते. जुना हुकूम हवा असेल तर 2005 पासून माहितीच्या अधिकाराचा कायदा आहे. अर्ज नाकारला तर सशस्त्र दल न्यायाधिकरण आहे. त्याचा कायदा 2007 चा आणि खंडपीठ मुंबईत. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचे दार आहेच. अर्ज मात्र एकट्याचा पाठवू नका. एकाच नियमाखाली अडलेले दहाजण शोधा आणि दहांच्या सह्या एका कागदावर घ्या. भीती कोणाच्याही मनात येते, ती दहा ठिकाणी वाटली म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला थोडी येते.

आणि त्या कागदावर ‘दया करावी’ हे शब्द घालू नका. तारीख लिहा, हुकमाचा क्रमांक लिहा, नियम विचारा. ज्याने काम केले आहे त्याने हिशेब मागावा, यात कमीपणा नाही.