हौशी बिनतारी आणि गाडीतला जुना संच

(हीरक महोत्सवानिमित्त माजी विद्यार्थी व पालकांसमोर झालेल्या भाषणाची संहिता)



'हौशी' हा शब्द मराठी माणसाला नवा नाही. मराठी कुटुंबे जेथे जेथे गेली, इंदूरला, बडोद्याला किंवा आपल्या या हैदराबादेत, तेथे तेथे गणेशोत्सवात हौशी नाटक उभे राहिले. त्या रंगभूमीवर काम करणारा मनुष्य तिच्यावर पोट भरत नाही, एवढाच त्या शब्दाचा अर्थ; त्याचे काम कच्चे असते, असा मुळीच नाही. बिनतारी संदेशवहनाच्या क्षेत्रातही असाच एक हौशी वर्ग शंभराहून अधिक वर्षे जगभर नांदतो आहे. त्यांना 'हॅम' म्हणतात. सरकारची परीक्षा द्यायची, परवाना घ्यायचा, स्वतःची संकेतसंज्ञा मिळवायची आणि ठरवून दिलेल्या लहरींवरून देशोदेशींच्या समानधर्मीयांशी बोलायचे, असा हा छंद आहे. भारतीय संज्ञा 'व्हीयू' या अक्षरांनी सुरू होते. माजी पंतप्रधान राजीव गांधी यांची संज्ञा 'व्हीयू२आरजी' अशी होती. या लहरींवरून धंदा करणे, गाणी वाजवणे किंवा गुप्त भाषेत बोलणे वर्ज्य असते.

या मंडळींच्या एका विशेष आवडीविषयी आज बोलावयाचे आहे. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी पोलिसांच्या, अग्निशमन दलाच्या किंवा टॅक्सीच्या गाडीत बसवलेला बिनतारी संच मिळवायचा, दुरुस्त करायचा आणि पुन्हा बोलता करायचा, ही ती आवड. महोत्सवाच्या व्यासपीठावरून भंगाराची कथा कशाला, असे कोणास वाटले तर त्यांनी थोडा धीर धरावा.

त्या काळी 'मोबाईल' म्हणजे खिशातला फोन नव्हता. गाडीत बसवलेला संच, हाच त्या शब्दाचा अर्थ होता. या कथेचा मोठा भाग अमेरिकेत घडला. शिकागोतील गॅल्विन बंधूंच्या कारखान्याने १९३० मध्ये मोटारीत बसणारा रेडिओ बाजारात आणला आणि त्याला 'मोटोरोला' हे नाव दिले. पुढे कारखानाच त्या नावाने ओळखला जाऊ लागला. तो रेडिओ फक्त ऐकण्याचा होता. गाडीतून बोलताही येईल अशी, एफएम पद्धतीची, संपूर्ण राज्यभर चालणारी पोलीस यंत्रणा १९४० मध्ये कनेटिकट राज्यात उभी राहिली. तिची आखणी डॅनियल नोबल या प्राध्यापकांनी केली होती. हे संच मोठे असत. मूळ यंत्र डिकीत, चालकापुढे एक छोटी नियंत्रणपेटी व ध्वनिक्षेपक, आणि दोहोंना जोडणारी जाड केबल, अशी रचना असे. निर्वात नळ्या सतत तापत ठेवाव्या लागत, त्यामुळे गाडी उभी असताना नुसते ऐकत राहिले तरी बॅटरी उतरे. १९५८ मध्ये मोटोरोलाने 'मोट्रॅक' हा संच काढला. त्याचा ग्राहक विभाग आणि वीजपुरवठा पूर्णपणे ट्रान्झिस्टरवर चालत असल्याने इंजिन बंद ठेवूनही तो वापरता येऊ लागला. आज ज्याला जुन्या संचांचे शौकीन मानाने जपतात, तो हा मोट्रॅक.

आता हे संच हौशी लोकांच्या हाती कसे आले, ते पाहू. ते झिजून निकामी झाले म्हणून बाहेर पडले, असा समज होणे साहजिक आहे. वास्तव निराळे आहे. गाड्यांमधले संच वाढले तशी लहरींवर दाटी झाली. तेव्हा अमेरिकेच्या फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने पन्नासच्या दशकाच्या अखेरीपासून प्रत्येक वाहिनीची रुंदी कमी करण्याचा नियम केला. पूर्वी आवाजाबरोबर लहर दोन्ही बाजूंना १५ किलोहर्ट्झपर्यंत हेलकावे खाऊ शके. नव्या नियमाने ती मर्यादा ५ किलोहर्ट्झवर आली. त्या नियमाने धडधाकट संच एका फटक्यात टाकाऊ झाले. पोलिसांना, टॅक्सीवाल्यांना ते बदलणे भाग पडले आणि जुने ढिगाने, अगदी स्वस्तात विकले गेले. हौशी लोकांच्या लहरींना हा नियम लागू नव्हता. त्यांनी ते संच उचलले, १५० मेगाहर्ट्झच्या आसपास चाललेले यंत्र थोडे खाली उतरवून १४६ मेगाहर्ट्झवर आणले, आणि साठच्या दशकात १४६.९४ मेगाहर्ट्झ ही अमेरिकेतील हौशी एफएमची जणू गावातली चावडी झाली. आपल्या शाळेच्या पहिल्या तुकडीने हाती पाटी घेतली, तेच हे दशक. हाच प्रकार पुन्हा एकदा घडला. १ जानेवारी २०१३ पासून तेथील व्यावसायिक वाहिन्या आणखी अरुंद करण्यात आल्या, आणि सत्तरच्या दशकातले जनरल इलेक्ट्रिकचे 'मास्टर टू' व मोटोरोलाचे 'मायकॉर' हे जे भक्कम संच तोवर सेवेत उरले होते, तेही हौशी लोकांच्या कार्यशाळांत येऊन दाखल झाले.

जो संच पोलिसांना बेकायदा ठरला, तो हौशी माणसाला कायदेशीर कसा? या प्रश्नाच्या उत्तरात सगळे मर्म आहे. पोलीस शिपाई किंवा टॅक्सीचालक बिनतारीचे शास्त्र शिकलेला नसतो. म्हणून कायदा त्याच्या यंत्राची परीक्षा घेतो. यंत्राला मान्यता असली पाहिजे आणि आतल्या भागांना त्याने हात लावता कामा नये. हौशी चालकाच्या बाबतीत कायदा माणसाची परीक्षा घेतो. लहर आपल्या पट्ट्याबाहेर जात नाही ना, शेजाऱ्यांच्या संचात खरखर होत नाही ना, याचे उत्तरदायित्व त्याने स्वतः पत्करलेले असते. त्या बदल्यात त्याला यंत्र उघडण्याचा, बदलण्याचा, संपूर्ण नवे बांधण्याचाही अधिकार मिळतो. आपल्याकडेही हेच तत्त्व आहे, आणि येथे पालकांनी विशेष लक्ष द्यावे: भारतात ही परीक्षा वयाच्या बाराव्या वर्षापासून देता येते. विषय दोनच, बिनतारीची मूलतत्त्वे आणि नियम. वरच्या श्रेणीसाठी मोर्सची कट्टकडकट्टही यावी लागते. बारा वर्षांच्या मुलावर राज्यसंस्था इतका विश्वास टाकते अशी दुसरी परीक्षा शोधून सापडणे कठीण.

हे जुने संच टिकले ते त्यांच्या बांधणीमुळे. खाचखळग्यांतून, उन्हातान्हातून, धुळीतून वर्षानुवर्षे धावणाऱ्या गाडीसाठी ते घडवले होते. ओतीव धातूची पेटी, उष्णता बाहेर टाकणारे जाड पंखे आणि घट्ट बसणारे जोड, अशी त्यांची घडण असे. मास्टर टू आणि मायकॉर यांच्या ग्राहकाच्या तोंडाशी तांब्याच्या वेटोळ्यांच्या गाळण्या असतात. शेजारी दुसरा जोरदार प्रक्षेपक चालू असला तरी त्या नको असलेली लहर आत येऊ देत नाहीत. त्यामुळे डोंगरमाथ्यावर, जेथे अनेक मनोरे एकमेकांना खेटून उभे असतात, तेथे हौशी मंडळींची 'रिपीटर' केंद्रे आजही या जुन्या संचांवर चालतात. रिपीटर म्हणजे एका लहरीवर ऐकलेला क्षीण आवाज त्याच क्षणी दुसऱ्या लहरीवर जोराने पुन्हा पाठवणारे यंत्र. गावातून डोंगराकडे बोलावे आणि डोंगराने ते पलीकडच्या खोऱ्यात सांगावे, असा तो व्यवहार.

धातूच्या जाडीइतकेच आणखी एका गोष्टीला महत्त्व आहे. प्रत्येक संचाबरोबर त्याचे जाडजूड माहितीपुस्तक निघत असे आणि त्यात संपूर्ण विद्युतमंडलाची आकृती, कोणत्या बिंदूवर किती दाब मिळाला पाहिजे याचे कोष्टक आणि जुळणीचा क्रम छापलेला असे. ज्याने यंत्र बनवले त्यानेच ते उघडणारा कोणी पुढे येईल असे गृहीत धरले होते. आजचा भ्रमणध्वनी डिंकाने बंद करून येतो. तो उघडणाऱ्याला कंपनी गुन्हेगारच समजते की काय, असे वाटावे. मुलांच्या हाती चार-पाच वर्षांत कालबाह्य होणाऱ्या वस्तू देताना त्यांच्या मनात वस्तूंविषयी कोणती कल्पना रुजते, याचा विचार शाळेने करायचा नाही तर कोणी करायचा?

तरीही या संचांचे अवास्तव कौतुक करू नये. ते अवजड आहेत, बोलताना वीज भरपूर खातात, आणि त्यांच्यावर मनाला येईल ती लहर लावता येत नाही. प्रत्येक लहरीसाठी ठरावीक मापाने कापलेला क्वार्ट्झचा स्फटिक लागतो. अशा अनेक संचांत स्फटिकाच्या कंपनसंख्येची बारा पट करून बाहेर जाणारी लहर तयार होते, म्हणजे १४६.९४ साठी १२.२४५ मेगाहर्ट्झचा स्फटिक हवा. सातवी-आठवीच्या मुलाने पाटीवर करावा असा हा गुणाकार आहे. पण स्फटिक आणायचा कोठून? मागणीप्रमाणे स्फटिक कापून देणारा ओक्लाहोमा सिटीतला इंटरनॅशनल क्रिस्टल मॅन्युफॅक्चरिंग हा जुना कारखाना २०१७ मध्ये बंद झाला. पेटी शाबूत, यंत्र शाबूत, आणि नखाएवढ्या स्फटिकावाचून सारे मुके, अशी स्थिती अनेकांवर आली. त्यावर उपाय निघाले. स्फटिकाच्या जागी हवी ती कंपनसंख्या निर्माण करणारे छोटे पट्टिकामंडल हौशी लोकांनीच बनवले. ज्याला केवळ बोलायचे आहे त्याने मात्र सरळ नवा, हातात मावणारा संच घ्यावा. तो स्वस्तही पडतो आणि हलकाही.

मग जुना संच बाळगण्याचे काही व्यावहारिक मोलही आहे का? ते कळायला आपल्याला अमेरिकेत राहण्याची गरज नाही. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून गावे झोपली असताना, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीच्या परिसरात भूकंप झाला. लातूर-धाराशिवचा तो मुलूख १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातच होता. आज येथे बसलेल्यांपैकी कित्येकांची नातीगोती तिकडे आहेत. अशा वेळी वीज जाते, तारा तुटतात, आणि आपले माणूस आहे की नाही, एवढे एकच वाक्य कळण्यासाठी जीव टांगणीला लागतो. त्या भूकंपानंतर आणि पुढे २००१ मध्ये कच्छच्या भूकंपानंतर हौशी चालकांनी संदेशवहनास हातभार लावला. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीच्या वेळी तर हैदराबादच्याच राष्ट्रीय हौशी रेडिओ संस्थेचे पथक भारती प्रसाद यांच्या नेतृत्वाखाली योगायोगाने पोर्ट ब्लेअर येथे होते. ते गेले होते छंदासाठी, अंदमानातून जगाशी संपर्क साधायला. लाट येऊन गेल्यावर त्यांनी तोच शॉर्टवेव्ह संच लोकांचे निरोप मुख्य भूमीवर पोहोचवण्याच्या कामी लावला. गाडीतला संच शॉर्टवेव्हइतका दूर पोहोचत नाही, त्याची धाव जवळच्या गावांपुरती. पण तो मुळातच १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालण्यासाठी जन्मला आहे. जीपची बॅटरी शाबूत असली की तहसील कचेरी आणि मदतछावणी यांच्यामधला निरोप जातो.

आता पालकांच्या मनातल्या प्रश्नांकडे वळू. घरात असा छंद शिरू द्यावा का? जरूर द्यावा, परंतु क्रम चुकू नये. आधी परवाना, मग संच. १९३३ च्या कायद्याने परवान्यावाचून बिनतारी यंत्र नुसते घरी बाळगणे हाही गुन्हा होता. २०२३ च्या दूरसंचार कायद्याने त्या जुन्या कायद्याची जागा घेतली असली, तरी अनुमतीची अट राहिलीच आहे. जुन्या बाजारात स्वस्त मिळाला म्हणून संच उचलून आणणे आणि 'परीक्षा पुढे बघू' म्हणणे हे हौसेला मोल नसते या म्हणीचे भलतेच टोक झाले. परदेशातून मागवायचा असेल तर जकातीचे आणि कागदपत्रांचे सोपस्कार आधी समजून घ्यावेत. दुसरी गोष्ट सुरक्षिततेची. मोट्रॅकसारख्या नळ्यांच्या संचात प्रक्षेपणाच्या वेळी काहीशे व्होल्टचा दाब असतो आणि बॅटरी काढल्यावरही कपॅसिटरमध्ये तो काही काळ दबा धरून बसतो. एकट्या मुलाने झाकण काढू नये. जाणता परवानाधारक शेजारी असावा. सुरुवातीला सत्तरच्या दशकातला, पूर्ण ट्रान्झिस्टरचा संच घेणे शहाणपणाचे.

आणि प्रत्यक्ष घेताना काय पाहायचे? नियंत्रणपेटी, केबल आणि ध्वनिक्षेपक बरोबर आहेत ना हे आधी पाहावे. यंत्र मिळते, पण तिची केबल मिळत नाही, हा नेहमीचा अनुभव आहे. माहितीपुस्तक मिळवावे. वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या संचातले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर सुकलेले असतात, ते बदलूनच वीज जोडावी. प्रथम अँटेनाऐवजी 'डमी लोड' लावावा, म्हणजे चाचणीची लहर बाहेर न जाता उष्णतेत विरते. लहर १४४ ते १४६ या आपल्या हौशी पट्ट्यातच आहे याची मापकाने खात्री करावी. अँटेनाचा हिशेब तर मुलाकडूनच करून घ्यावा: ३०० ला १४५ ने भागले की लहरलांबी सुमारे २.०७ मीटर येते, तिचा चौथा भाग ५२ सेंटिमीटरच्या आत-बाहेर, आणि धातूच्या कांडीसाठी त्यातून थोडे वजा करून ४९. कापताना एक-दोन सेंटिमीटर जास्तच ठेवावी. ती गाडीच्या टपाच्या मध्यभागी उभी करावी, आणि पहिली हाक दोन-चार किलोमीटरवरच्या एखाद्या परवानाधारकाला द्यावी. आवाज कसा पोहोचतो ते तो सांगू लागला, की कांडीचे टोक मापाबरहुकूम थोडे थोडे कापत आणता येते.