परिचर्या : एक विद्या, अनेक वाटा
(हीरक महोत्सवी पालक-मेळाव्यातील व्याख्यान)



बारावीचा निकाल लागला की अनेक घरांत एक वाक्य ऐकू येते : "मेडिकलला नंबर लागला नाही, तर नर्सिंग आहेच." या 'आहेच'मध्ये एका संपूर्ण विद्याशाखेची उपेक्षा दडलेली आहे. परिचर्या ही वैद्यकाची हुकलेली पायरी नव्हे. तिचे शास्त्र, शिक्षण आणि उत्तरदायित्व स्वतंत्र आहे.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या हातातील दिवा सर्वांना ठाऊक आहे. त्यांची आकडेवारी मात्र थोड्यांच्याच स्मरणात असते. क्रिमियन युद्धात सैनिक जखमांपेक्षा टाळता येण्याजोग्या रोगांनी अधिक दगावले, हे त्यांनी आकृत्यांच्या साहाय्याने राज्यकर्त्यांना पटवून दिले. १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात त्यांचे परिचारिका विद्यालय सुरू झाले. करुणेला निरीक्षणाची आणि नोंदीची शिस्त लाभली.

आपल्या देशात या क्षेत्राची दारे अनेक आहेत. एएनएम हा दोन वर्षांचा, जीएनएम तीन वर्षांचा, तर बी.एस्सी. नर्सिंग हा चार वर्षांचा अभ्यासक्रम. बी.एस्सी.साठी बारावीला भौतिक, रसायन व जीवशास्त्र आवश्यक असते. जीएनएमसाठी कला शाखेच्या विद्यार्थ्यांनाही वाट मोकळी आहे. जीएनएमनंतर दोन वर्षांच्या पोस्ट बेसिक अभ्यासक्रमाने पदवी मिळवता येते. या दोन्ही अभ्यासक्रमांना मुलगेही प्रवेश घेऊ शकतात.

खरे वैविध्य पुढे दिसते. एम.एस्सी.ला वैद्यकीय-शल्य, बाल, मानसिक आरोग्य, प्रसूती व स्त्रीरोग आणि सामुदायिक आरोग्य अशा विशेष शाखा आहेत. शस्त्रक्रियागृहातील परिचारिका टाके घालण्यापूर्वी प्रत्येक उपकरण व गॉज मोजते. त्या मोजणीवर रुग्णाचा जीव अवलंबून असतो. नवजात कक्षात मूठभर बाळाची ऊब आणि श्वास सांभाळावा लागतो. मनोरुग्णालयात औषधाइतकेच शब्दांचे आणि मौनाचे मोल असते. कर्करोग, डायलिसिस, संसर्ग-नियंत्रण, वृद्धसेवा ही आणखी काही कार्यक्षेत्रे. अतिदक्षता विभागासाठी नर्स प्रॅक्टिशनर हा दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रमही उपलब्ध आहे.

रुग्णालयाबाहेरही कार्य आहे. पदवीधर परिचारिका गावोगावच्या आरोग्य केंद्रांत सामुदायिक आरोग्य अधिकारी होतात. पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेल्या मुली लष्करी परिचर्या सेवेत अधिकारी म्हणून रुजू होतात. अध्यापन, संशोधन आणि अधिसेविकापदापर्यंतचे प्रशासन हेही मार्ग खुले आहेत.

मराठी माध्यमामुळे मुलगी मागे पडेल, अशी शंका पालक व्यक्त करतात. या विद्याशाखेचे शिक्षण इंग्रजीतून होते, म्हणून त्या भाषेची तयारी आतापासून हवी. परदेशी जायचे तर भाषेची आणि परवान्याची परीक्षाही द्यावी लागते. पण महाराष्ट्राबाहेर मराठी शाळेत शिकणारे मूल घरी एक, शाळेच्या फाटकाबाहेर दुसरी भाषा सहज बोलते. वेदनेत माणूस मातृभाषेत कण्हतो. ते कण्हणे ज्याला उमगते, तो रुग्णाच्या अधिक जवळ पोहोचतो.

या वाटेचे काटे लपवू नयेत. रात्रपाळी, तासन्‌तास उभे राहणे, काही खासगी रुग्णालयांतील तुटपुंजे वेतन हे वास्तव आहे. प्रवेशापूर्वी संस्थेला भारतीय परिचर्या परिषदेची व राज्य परिषदेची मान्यता आहे का, हे पालकांनी स्वतः पडताळावे. अभ्यासक्रमानंतर राज्य परिषदेकडे नोंदणी झाल्याखेरीज व्यवसाय करता येत नाही.

पालकहो, निकालाच्या दिवसापर्यंत थांबू नका. मूल आठवी-नववीत असतानाच या क्षेत्राचे नाव घरात आदराने घ्या. या शाळेचे जे माजी विद्यार्थी परिचर्येत कार्यरत असतील, त्यांनी वर्षातून एकदा वर्गात येऊन आपल्या कामाविषयी मुलांशी बोलावे. हीरक महोत्सवी वर्षात शाळेला देण्याजोगी ही एक मोलाची भेट ठरेल.