बाईच्या मिळकतीचे वारस
(वर्धापनदिनाच्या सभेतील भाषण)



वाण्याचा हिशेब आपण लिहितो, हळदीकुंकवाची यादी लिहितो. परंतु आपल्यामागे आपले पैसे, दागिने कोणाचे, हे मात्र लिहून ठेवीत नाही. त्याविषयीच मी आज चार शब्द सांगणार आहे.

१९५६ चा हिंदू वारसा कायदा हिंदूंप्रमाणेच बौद्ध, जैन आणि शीख यांनाही लागू आहे. पुरुष मृत्युपत्र न करता वारला, तर त्याच्या स्वकष्टार्जित मिळकतीत आई, पत्नी, मुलगे आणि मुली यांना सारखा वाटा मिळतो. सासूबाई, सून आणि दोन मुले मागे राहिली, तर चार हिस्से. हे बहुतेकींना ठाऊक असते.

पण बाई वारली तर? पहिला हक्क मुलगे, मुली व नवरा यांचा. तेथे आईचे नाव नाही. मुलेनातवंडे नसली आणि नवराही आधी गेला असला, तर तिची स्वतःची कमाई नवऱ्याच्या वारसांकडे जाते. आईवडिलांची पाळी त्यांच्यानंतर. आईवडिलांकडून वारसाने आलेली मिळकत तेवढी, मुलेनातवंडे नसल्यास, वडिलांच्या वारसांकडे परत जाते.

एका खटल्याची हकीकत ऐका. १९५५ मध्ये लग्न झालेल्या एका मुलीचा नवरा तीन महिन्यांच्या आत साप चावून गेला. सासरच्यांनी तिला घराबाहेर काढले. माहेरच्या आधाराने ती शिकली, नोकरीला लागली. १९९६ मध्ये ती वारली, तेव्हा बँकेत पैसे होते, मृत्युपत्र नव्हते. तिच्या आईने दावा केला. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की पैसे नवऱ्याच्या बहिणीच्या मुलांचे! केवळ सहानुभूतीवर वारसा ठरत नाही, असे न्यायालयाने म्हटले.

यावर उपाय सोपा आहे. मृत्युपत्र साध्या कागदावर चालते. मुद्रांक लागत नाही, नोंदणीची सक्ती नाही. आपली सही आणि दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात. ज्यांना काही द्यायचे नाही, असेच साक्षीदार घ्यावेत, म्हणजे पुढे बोल लागत नाही. बँकेत नॉमिनी लावला म्हणून भागत नाही. तो पैसे ताब्यात घेतो, मालक वारसच राहतात.

कोणाला द्यावे, हे मी सांगणार नाही. सासरच्यांनी जीव लावला असेल, तर त्यांना अवश्य द्यावे. पण आपल्या कष्टाचे कोणाला जावे, हे आपणच ठरवावे, एवढीच माझी विनंती आहे.