वर गेलेला माणूस सुखरूप उतरावा

श्रोतेहो, बीडमध्ये उरूस असो की गणपती, सगळ्यांच्या आधी वर चढतो तो रोषणाई करणारा माणूस. पूर्वी तो बांबूच्या शिडीवर चढायचा. आता हायड्रॉलिक गाडीच्या पाळण्यात उभा राहतो आणि ती गाडी मिळाली नाही, तर चक्क जेसीबीच्या बकेटमध्ये. अलीकडे पुष्पवृष्टीसाठीही माणसे त्यात चढतात. जेसीबीचे बकेट माती उचलण्यासाठी असते. त्याला कठडा नसतो, पट्टा अडकवायला कडी नसते. चालकाचा हात चुकून दांड्याला लागला, तरी ते उलटू शकते.

पाळण्याची गाडी त्याहून बरी, पण तिचेही धोके आहेत. पहिला जमिनीचा. गेवराई-माजलगावकडची काळी माती पावसात मऊ होते. गाडीचे आधारपाय चार बोटे खचले, तर वरचा पाळणा त्याहून बराच जास्त झुकतो. म्हणून पायांखाली जाड फळ्या हव्यात.

दुसरा धोका तारांचा. ११ हजार व्होल्टच्या तारेला हात लागावाच लागतो असे नाही. फार जवळ गेले तरी वीज झेप घेते. लोखंडी पाळण्याला तर कसलेच संरक्षण नसते. 'लाइन बंद केली' असा नुसता फोन पुरेसा नाही. तार तपासून अर्थिंग करावे लागते, कारण कुणाच्या तरी जनरेटरची वीज उलटी त्याच तारेत येऊ शकते.

तिसरा धोका झटक्याचा. गाडीचे चाक खड्ड्यात गेले, की गोफणीतून दगड सुटावा तसा माणूस बाहेर फेकला जातो. म्हणून अंगभर पट्टा हवा आणि तो गाडीच्याच कडीला अडकवलेला हवा. शेजारच्या खांबाला बांधला, तर गाडी हलताच माणूस ओढला जातो. पट्ट्याने वाचलेलाही फार वेळ लोंबकळू नये. पायांत रक्त साचून तो बेशुद्ध पडू शकतो. पाळणा खालून उतरवता येणारा जाणकार जवळच हवा.

१० सप्टेंबर २०२३ रोजी ठाण्यातील बाळकुम येथे चाळीस मजली इमारतीची बांधकाम लिफ्ट कोसळून ७ कामगार गेले. ते यंत्र वेगळे, पण यंत्रावर भरवसा टाकून वर गेलेली माणसे तशीच. आपल्या जिल्ह्यातली पोरेही कामासाठी पुण्या-मुंबईला जातात. रोज बुडेल या भीतीने 'पट्टा द्या, मगच चढतो' असे म्हणायला त्यांची जीभ रेटत नाही.

आम्ही कवी उंचीचे कौतुक फार करतो. उंचीवर पोट भरणाऱ्याला मात्र खालच्या माणसांचा आधार लागतो. मंडळाचे कार्यकर्ते, सरपंच, उरुसाचे पंच, काम देणारे आपणच आहोत. तेव्हा यंदा रोषणाईचा दर ठरवताना एवढेच विचारा: पट्टा आहे का, गाडी तपासली का आणि तार बंद असल्याची खात्री कुणी केली?