साभार, पण कुठून?



मराठी संकेतस्थळं चालवणाऱ्यांच्या या परिषदेत सकाळपासून चहाच्या टेबलाशी एकच गाऱ्हाणं कानावर येतंय: आम्ही मरमर लिहितो, आणि गुगल भलत्यालाच वर बसवतं. गाऱ्हाणं खोटं नाही. पण त्यातलं बरंचसं आपणच ओढवून घेतलेलं आहे.

आधी हिशेब समजून घेऊ. स्टॅनफर्ड विद्यापीठात लॅरी पेज आणि सर्गे ब्रिन यांनी १९९६च्या सुमारास, पुढे गुगल झालेलं जे शोधयंत्र उभं केलं, त्याचं नावच 'बॅकरब' होतं. एखाद्या पानाकडे कोणकोणती पानं बोट दाखवतात, हे ते पाहत असे. मुळात ही विद्वानांची रीत. कोणत्या शोधनिबंधाचा हवाला पुढे कुणी दिला, याची सूची यूजीन गारफील्ड यांनी १९६४ सालीच छापायला घेतली होती. पेज आणि ब्रिन यांनी त्यात भर घातली ती हवाला देणाऱ्याची पत जोखण्याची. शिफारशीच्या चिठ्ठीचंही असंच असतं. जाणत्या माणसाची एक चिठ्ठी दहा अनोळखी चिठ्ठ्यांना भारी पडते, आणि ऊठसूट चिठ्ठ्या वाटणाऱ्याला कुणी विचारत नाही. 'पेजरँक' या त्यांच्या हिशेबात पानाचं वजन त्यावरून बाहेर जाणाऱ्या सगळ्या दुव्यांत वाटलं जातं. दुवे पाच असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला पाचवा हिस्सा. त्यातही ०.८५ने गुणायचं, कारण वाचक दुव्यामागून दुवा उघडत जातो आणि कधीतरी कंटाळून भलत्याच पानावर उडी मारतो. गणितात कंटाळ्याला जागा ठेवणारी माणसं मला आवडतात.

दुवा कोणत्या शब्दांवर दिलाय, यालाही महत्त्व असतं. २००३मध्ये अमेरिकेत अनेकांनी ठरवून 'मिझरेबल फेल्युअर' या शब्दांवर जॉर्ज बुश यांच्या अधिकृत चरित्राचा दुवा दिला. ते शब्द त्या चरित्रात कुठेही नसताना गुगलवर पहिलं उत्तर तेच येऊ लागलं. २००७मध्ये गुगलनं ती वाट बुजवली. आपण मात्र राजगडावरच्या लेखाचा दुवा देताना 'इथे क्लिक करा' असं लिहितो. त्या 'इथे'वरून यंत्राला राजगड कसा कळावा?

विकतच्या दुव्यांबद्दल फार बोलत नाही. 'महिन्याला शंभर लिंक' असली पत्रं तुम्हालाही येतात. २०११मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'नं जे. सी. पेनी या दुकानसाखळीकडे येणाऱ्या हजारो बनावट दुव्यांचं प्रकरण बाहेर काढलं. गुगलनं कारवाई करताच सॅमसोनाइट बॅगांच्या शोधात ती काही तासांत पहिल्या क्रमांकावरून एकाहत्तराव्यावर घसरली. पुढच्याच वर्षी 'पेंग्विन' नावाचा बदल आला आणि असे धंदे करणाऱ्या कितीतरी साइट आपटल्या. विकिपीडियावर आपला दुवा चिकटवूनही क्रमांक वाढत नाही. तिथल्या बाहेरच्या दुव्यांवर 'नोफॉलो'ची, म्हणजे 'हा दुवा मोजू नका' अशी खूण असते.

दुव्यांचा भार आता पूर्वीइतका राहिलेला नाही, हे खरं. गुगलचीच माणसं तसं सांगतात. मजकूर, त्याचा प्रश्नाशी संबंध, असं पुष्कळ काही पाहिलं जातं. पण मराठीत एका विषयावर धड पानंच चार-पाच असतात. तिथे कुणीतरी ओळखीच्या जागेवरून दिलेला एक साधा दुवा उपयोगी पडतोच.

आणि नेमका तोच आपण देत नाही. एखादा चांगला लेख सापडला की तो अख्खा उचलायचा, खाली 'साभार' लिहायचं, आणि साभार कुणाचं ते गुलदस्त्यात. मग तो व्हॉट्सअॅपच्या गटांत फिरतो. दुसऱ्या दिवशी लेखकाचं नाव गळतं, तिसऱ्या दिवशी तो एखाद्या नामवंताच्या नावावर जमा होतो. हजारोंनी वाचला तरी मूळ पानाच्या खात्यात काही पडत नाही, कारण ते गट शोधयंत्राला दिसतच नाहीत. उलट उचलेगिरी करणाऱ्याची साइट मोठी असेल, तर नक्कलच वर येण्याची भीती. जुन्या खासगी फॉन्टांतला आपला मजकूर शोधयंत्रांना वाचता येत नव्हता, तेव्हा निदान सबब तरी होती. युनिकोड आल्यावर तीही गेली.

दुसऱ्याकडे वाचक पाठवला तर तो परत येणार नाही, ही संपादकांची धास्ती मला ठाऊक आहे. ती मला पटत नाही. जो चांगल्या जागा दाखवतो त्याच्याकडेच मी तरी पुन्हा जाते. विश्वकोशातली नोंद वापरली तर त्याच नोंदीचा दुवा द्या, मुखपृष्ठाचा नको. दिवाळी अंकातल्या लेखावर लिहिलंत तर त्या लेखाच्या पानाचा द्या. पत्ता बदललात, तर जुन्या पत्त्यावरून नव्याकडे वाट लावून ठेवा. साइट नव्यानं सजवण्याच्या हौसेत आपण वर्षानुवर्षांचे दुवे एका रात्रीत तोडतो.

या परिषदेचा अहवालही स्कॅन केलेल्या पानांच्या गठ्ठ्यात कोंडू नये. तो युनिकोडमध्ये यावा, आणि इथे ज्यांच्या लेखांचा उल्लेख झाला त्या प्रत्येकाच्या मूळ पानाचा थेट दुवा त्यात असावा. कार्यवाहांना मी तसं लेखी कळवलं आहे. तुमच्या लेखांचे पत्ते जेवणाच्या सुट्टीआधी त्यांच्याकडे द्या.