तोटा कुणाचा, चूक कुणाची?

केळापूरसारख्या तालुक्यातही आता मोबाइलवरून शेअर घेता येतात. मग तोटा झाला, तर ब्रोकर भरपाई देईल का? भाव पडला म्हणून झालेला तोटा आपलाच. पण तुम्ही न सांगता व्यवहार झाला, किंवा तुम्ही सांगितलेली विक्री ब्रोकरनं केलीच नाही, तर ती त्याची चूक. लक्षात ठेवा, भरपाई तोट्याची नसते, चुकीमुळे झालेल्या नुकसानीची असते.

कुणी म्हणेल, ऑर्डर फोनवर दिली, आता पुरावा कुठून आणू? शेअर बाजाराची नियामक संस्था असलेल्या सेबीनं 2018 मध्येच हा प्रश्न सोडवला आहे. ग्राहकाच्या ऑर्डरचा पुरावा ब्रोकरनंच ठेवायचा. वाद झाला, तर तो त्यानंच दाखवायचा. पण म्हणून आपण गाफील राहू नये. दर व्यवहाराचा तपशील देणारी कॉन्ट्रॅक्ट नोट येते, ती त्याच दिवशी वाचा. चूक दिसली, तर लगेच लेखी कळवा. महिनोन्महिने गप्प राहिलात, तर तुमची संमती होती, असं ब्रोकर म्हणू शकतो.

दुसरी शंका अशी, की केळापूर तालुक्यातल्या पांढरकवड्याहून मुंबईला खेटे कोण घालणार? तशी गरज नाही. आधी ब्रोकरकडे लेखी तक्रार करा. दाद मिळाली नाही, तर सेबीच्या ‘स्कोअर्स’ या ऑनलाइन तक्रार पोर्टलवर. तिथंही समाधान झालं नाही, तर 2023 पासून ऑनलाइन समेट आणि लवादाची सोय आहे.

पुन्हा सांगतो. भरपाई तोट्याची नाही, चुकीची. म्हणून श्रोतेहो, कागद जपा आणि तक्रारीला उशीर करू नका.