आपली पुस्तके, आपला आवाज

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यातील भाषण)



आम्ही बँकेतले कारकून. भाषण हा आमचा प्रांत नव्हे. पण काउंटरवर जे रोज घडते, त्यावरूनच सुरुवात करतो. पैसे काढायला आलेली म्हातारी माणसे पासबुक पुढे करून म्हणतात, "साहेब, काय लिवलंय तेवढं वाचून दावा." आम्ही वाचतो. मग ती म्हणतात, "आनी एकदा." दुसऱ्यांदा ऐकल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जो धीर येतो, तो आम्ही नोकरीत वर्षानुवर्षे पाहत आलो आहोत.

हेच काम पुस्तकांच्या बाबतीत करावे, एवढेच आजचे सांगणे आहे. जुनी, मोलाची पुस्तके आपल्या आवाजात मुद्रित करायची आणि एक पैसाही न घेता सर्वांना ऐकू द्यायची. वर्षावासात विहारात ग्रंथवाचन होते, तेव्हा मागे बसणाऱ्या कितीतरी आयाबायांचे शिक्षण कानांनीच झाले आहे, हे आपण जाणताच.

मुंबईच्या नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड या संस्थेने कॅसेटच्या जमान्यात अंध वाचकांसाठी बोलकी पुस्तके तयार केली. पुढे ऑगस्ट २००५ मध्ये कॅनडातील मॉन्ट्रियलच्या ह्यू मॅकग्वायर यांनी इंटरनेटवर 'लिब्रिव्हॉक्स' सुरू केले. तेथे स्वयंसेवक पुस्तकाची प्रकरणे वाटून घेतात. एक वाचतो, दुसरा ऐकून चुका दाखवतो आणि तयार झालेले वाचन सर्वांना खुले होते. वाचणाऱ्याचा आवाज गोड आहे की नाही, याची परीक्षा तेथे घेत नाहीत.

ही शेवटची गोष्ट आम्हाला फार मोलाची वाटते. आम्ही सातारा जिल्ह्यातील एका खेड्यात शिकलो. धडा वाचायला उभे केले की आमच्या तोंडून 'पाणी'चे 'पानी' व्हायचे, वर्ग हसायचा आणि गुरुजी दुसऱ्याला उभे करायचे. पुढे बी. ए. झालो, नोकरी लागली, पण चारचौघांत मोठ्याने वाचायची धास्ती गेली नाही.

सांगलीला बदली झाल्यावर शेजारच्या एका अंध विद्यार्थ्याने 'गुलामगिरी' वाचून मागितली. त्याचा मोबाईल मजकूर वाचून दाखवतो, पण जुन्या छपाईच्या पानांवर अडखळतो. आम्ही पहिले पान सहा वेळा मुद्रित केले, सहा वेळा पुसले. सातवे तसेच दिले. ऐकून तो म्हणाला, "काका, 'ण'चं काही नाही, पण वाक्याचा शेवट गिळू नका." त्याचे खरे होते. मराठीत क्रियापद शेवटी येते. 'आहे' की 'नाही', ते तेथेच ठरते. आणि आम्ही भीतीपोटी नेमके तेच पुटपुटत होतो.

सातारा जिल्ह्यातील कटगुण हे महात्मा फुले यांच्या पूर्वजांचे गाव. त्यांची 'गुलामगिरी' १८७३ साली प्रसिद्ध झाली. जोतीराव आणि धोंडीबा यांच्या संवादातून ती पुढे जाते. म्हणजे दोघांनी मिळून मोठ्याने वाचावी, अशीच तिची घडण आहे. मग ती वाचायला आपला आवाज कमी कसा पडेल?

कायद्याचेही दोन शब्द सांगतो. आपल्या देशात लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षारंभापासून ६० वर्षे स्वामित्वहक्क राहतो. फुल्यांचे निधन १८९० साली झाले. त्यांच्या हयातीत छापलेली ही पुस्तके केव्हाच खुली झाली. सावित्रीबाईंचा १८५४चा 'काव्यफुले' हा संग्रहही खुला आहे. बाबासाहेबांच्या हयातीत प्रसिद्ध झालेले लेखन १ जानेवारी २०१७ पासून खुले झाले. मात्र अनुवादावर अनुवादकाचा वेगळा हक्क असतो, तो तपासावा. वाटेगावच्या अण्णाभाऊ साठे यांचे निधन १९६९ साली झाले. म्हणून त्यांची १९५९ची 'फकिरा' ही कादंबरी सर्वांसाठी मुद्रित करायला १ जानेवारी २०३० उजाडावा लागेल. परंतु २०१२च्या दुरुस्तीनुसार, अंध व तत्सम अपंग वाचकांसाठी, नफा न घेता, ती आजही वाचून देता येते. तेवढ्यासाठी थांबायचे कारण नाही.

साधने फार लागत नाहीत. साधा मोबाईल पुरतो. पंखा बंद करावा, खिडकी लावावी, रिकामी खोली घुमत असेल तर भोवती गोधड्या टांगाव्यात. आधी पान मनात वाचून अवघड शब्द विचारून घ्यावेत. जुने शब्द बदलू नयेत. चुकले तर थांबून तेच वाक्य पुन्हा घ्यावे. नंतर दुसऱ्याने पुस्तक हातात धरून सगळे ऐकावे.

विद्यार्थी मित्रांनो, आमची मंडळाला विनंती आहे की 'गुलामगिरी'चे भाग सभासदांत वाटून द्यावेत. एका घरात बापाने जोतीराव वाचावा, लेकीने धोंडीबा. सावित्रीबाईंच्या कविता भगिनींनी घ्याव्यात. ऐकून चुका काढण्याचे काम आमच्या त्या अंध मित्राने आपणहून मागून घेतले आहे. तो कडक आहे, आधीच सांगून ठेवतो.

आपल्यापैकी ज्यांना वर्गात खाली बसवले गेले, त्यांनी आता उभे राहून वाचावे. ऐकणारे वाट पाहत आहेत. पहिला भाग आम्ही वाचतो, दुसरा कोण वाचणार, ते आज उठण्यापूर्वी सांगावे.

जयभीम.